डोमेन नूतनीकरणाच्या खोट्या नोटिसा: सुरुवात कुठून झाली?

१९९५ साली डॉट कॉम नाव (डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता) घ्यायचं तर नेटवर्क सोल्युशन्स ही एकच कंपनी होती. दोन वर्षांचे १०० डॉलर. १९९८ मध्ये आयकॅन ही डोमेन व्यवस्थेवर देखरेख करणारी संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी इतर रजिस्ट्रारनाही (डोमेन विकणाऱ्या कंपन्यांनाही) दार उघडलं. दर उतरले, डोमेन एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेता येऊ लागलं. फसवणुकीला वाव मिळाला तो याच सोयीतून. शिवाय 'हूइज' या डोमेनमालकांच्या जाहीर नोंदीत मालकाचं नाव, टपालाचा पत्ता आणि मुदत संपण्याची तारीख कुणालाही दिसायची.

मग घरी पाकिटं येऊ लागली. नाव 'डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका', मांडणी हुबेहूब बिलासारखी, खाली फाडून पाठवायची पावती. 'हे बिल नाही' ही ओळ मजकुरात असायची, पण कारकुनाच्या नजरेत भरायची ती तारीख आणि रक्कम. सही करून पैसे पाठवले की नूतनीकरण नव्हे, ट्रान्सफर (डोमेन त्या कंपनीकडे नेणं) सुरू व्हायचं, तेही महागड्या दराने. याला 'डोमेन स्लॅमिंग' म्हणतात. २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीवर कारवाई केली, तरी पत्रं थांबली नाहीत. २०१४ मध्ये आयकॅनने तिच्याशी संबंधित रजिस्ट्रारला निलंबित केलं.

२०१८ च्या युरोपीय गोपनीयता कायद्यानंतर बहुतेक पत्ते झाकले गेले. आता पत्राऐवजी ईमेल येतो, आणि पुष्कळदा विकली जाते ती सर्च इंजिनमधली 'नोंदणी', जिचा डोमेनशी काहीच संबंध नसतो. विषयात मात्र 'डोमेन एक्स्पायरेशन' असंच लिहिलेलं असतं.

नोटिशीतल्या लिंकवर जाऊ नका. आयकॅनच्या लुकअप पानावर (डॉट इनसाठी, ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या भारतीय संस्थेच्या रजिस्ट्रीत, म्हणजे मुख्य नोंदवहीत) नाव टाका आणि रजिस्ट्रार कोण ते पाहा. नोटीस दुसऱ्याच कंपनीची असेल तर ती तुमची नव्हे. रजिस्ट्रार तोच असला तरी पत्ता स्वतः टाइप करून खात्यात जा आणि तारीख तिथेच तपासा. लुकअपमध्ये दिसणाऱ्या तारखेत एक मेख आहे: मुदत उलटल्यावर डॉट कॉमची रजिस्ट्री आपोआप एक वर्ष पुढची तारीख दाखवते, तुम्ही पैसे भरलेले नसले तरी.

ट्रान्सफर लॉक (डोमेन दुसरीकडे नेणं रोखणारं कुलूप) चालू ठेवा, ऑथ कोड (ट्रान्सफरसाठी लागणारा गुप्त कोड) कुणालाही देऊ नका. चुकून दिलाच, तर जुन्या रजिस्ट्रारकडून येणाऱ्या पुष्टीच्या ईमेलला लगेच नकार कळवा. त्यासाठी साधारण पाच दिवस मिळतात.