‘पॉलिसोमी १७’ : हर-टूच्या मोजणीतला घोळ

उंदराच्या मज्जासंस्थेतल्या गाठींमध्ये १९८०च्या दशकात ‘न्यू’ नावाचं जनुक सापडलं. त्यात डीएनएचं एकच अक्षर बदललेलं होतं. माणसाच्या स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीत तेच जनुक, म्हणजे हर-टू, बहुधा धडधाकट असतं. वाढतात त्या त्याच्या प्रती, आणि त्यांच्यामागून त्या जनुकावरून बनणारं प्रथिन. १९८७मध्ये १८९ गाठी तपासल्या, तेव्हा साधारण ३० टक्क्यांमध्ये ही वाढ आढळली. पुढच्या मोठ्या पाहण्यांत हे प्रमाण १५ ते २० टक्क्यांवर आलं. (‘जनुकीय’ शब्द ऐकला की नातेवाईक लेकीच्या काळजीने धास्तावतात. ही वाढ गाठीतच घडलेली असते, ती वारशाने जात नाही.)

१९९८मध्ये या प्रथिनाला अडवणारं औषध अमेरिकेत मंजूर झालं आणि औषध कुणाला द्यायचं ते मोजणीवर ठरू लागलं. खरा घोळ तिथून सुरू झाला. फिश तपासणीत, म्हणजे चमकत्या रंगांनी जनुकाच्या प्रती दाखवणाऱ्या तपासणीत, पेशीच्या निळ्या केंद्रकात लाल ठिपके दिसतात त्या हर-टूच्या प्रती. हिरवे ठिपके १७व्या गुणसूत्राच्या गुणसूत्रबिंदूचे, म्हणजे त्याच्या आवळलेल्या भागाचे; हर-टू याच गुणसूत्रावर असतं, म्हणून हिरव्यांवरून गुणसूत्रं किती ते धरायचं. लाल आकड्याला हिरव्याने भागायचं, दोन किंवा जास्त आले तर जनुक वाढलेलं. पण लाल सात आणि हिरवे चार दिसले तर? भागाकार पावणेदोन. अशा गाठींना ‘पॉलिसोमी १७’ म्हणायची पद्धत पडली : अख्खं गुणसूत्रच जास्त आहे, जनुक खास वाढलेलं नाही, सबब निगेटिव्ह. २००९च्या सुमारास गुणसूत्र टोकापासून टोकापर्यंत तपासलं गेलं, तेव्हा कळलं की अख्खं गुणसूत्र वाढणं दुर्मीळ आहे. बहुतेकदा गुणसूत्रबिंदूच्या आसपासचा तुकडाच वाढलेला असतो. म्हणजे ज्याने भागायचं तो आकडाच फुगलेला! हे नाव तेव्हाच अहवालांतून जायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं. एका शब्दापायी काही बायकांचं औषध हुकलं असणार.

२०१३च्या नियमांनी पेशीमागे सरासरी सहा किंवा जास्त प्रती असल्यास भागाकार न बघता पॉझिटिव्ह म्हणायला सांगितलं. २०१८मध्ये त्याला अट जोडली गेली : प्रथिनासाठी रंगवलेली काचही सोबत बघा.

२०२२पासून ‘हर-टू लो’, म्हणजे हे प्रथिन थोडंच असलेल्या, गटालाही नवं औषध मिळू लागलं. त्या गाठींत प्रती वाढलेल्याच नसतात, त्यामुळे ठिपके मोजून तो गट सापडत नाही. पेशीच्या कडेवरचा फिकट तपकिरी रंग डोळ्यांनी जोखावा लागतो.