दंत-जागाराखण

दुधाचा दात वेळेआधी पडला किंवा काढावा लागला, तर शेजारचे दात त्या फटीकडे सरकतात आणि त्याखालच्या कायमच्या दाताला जागा अपुरी पडते. ही जागा टिकवण्याच्या उपायांना जागाराखण म्हणतात. दवाखान्यात मात्र ‘स्पेस मेंटेनर’ हाच शब्द रूढ आहे.

दाढा पुढे का सरकतात, याविषयी मतभेद आहेत. चावताना पडणाऱ्या दाबाचा काही अंश पुढच्या दिशेने लागतो, असे जुने मत. दुसरे मत शेजारच्या दातांना हाडाच्या कडेवरून जोडणाऱ्या तंतूंच्या ओढीला कारण मानते. माकडांवरील प्रयोगांचा कौल दुसऱ्या मताकडे झुकतो. मात्र उगवत्या दाढेची स्वतःची पुढची चाल दोन्ही मतांत थोडी दुर्लक्षित राहते.

सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ दुधाच्या दुसऱ्या दाढेच्या पाठीला टेकत वर येते. ही पाठच नाहीशी झाली, तर वरची दाढ टाळूकडच्या मुळाभोवती वळत पुढे येते, खालची पुढे व जिभेकडे कलते. जागेची सर्वाधिक घट पहिल्या सहा महिन्यांत होते. दुधाची पहिली दाढ गेल्यास खालच्या जबड्यात बरेचदा सुळाच मागे सरकतो. घट एका बाजूस सरासरी दीड मिमी.च्या आसपास आढळते. एवढ्यासाठी प्रत्येक मुलाला साधन बसवावे का, हा जुना वाद. दंततज्ज्ञ नान्स यांनी १९४७ मध्ये दाखवले, की दुधाचा सुळा व दोन दाढा मिळून त्यांच्या जागी येणाऱ्या तीन दातांपेक्षा प्रत्येक बाजूस वर सुमारे ०.९ मिमी., खाली १.७ मिमी. जास्त रुंद असतात. त्यामुळे वरच्या व खालच्या कायमच्या दाढा एकमेकींत घट्ट बसलेल्या असतील, तर नुसते लक्ष ठेवणे पुरते असे दिसते. दातांची दाटी असेल, तर ही शिल्लक आधीच खर्ची पडलेली असते.

एका दाढेच्या फटीसाठी ‘बँड अँड लूप’ वापरतात : दाढेवर सिमेंटने चिकटवलेले पोलादी कडे आणि त्याला डाख देऊन जोडलेला तारेचा फास, ज्याचे टोक पुढच्या दाताला टेकते. फास इतका रुंद हवा, की उपदाढ (दुधाच्या दाढेच्या जागी येणारा कायमचा दात) त्यातून वर येऊ शकेल. दोन्ही बाजूंच्या दाढांना जोडत दातांच्या जिभेकडून जाणारी तारेची कमान खालचे कायमचे पटाशीचे दात येण्याआधी बसवत नाहीत, कारण ते बहुधा कमानीच्या वाटेतच उगवतात. कायमची दाढ उगवण्यापूर्वीच दुधाची दुसरी दाढ गेल्यास हिरडीखाली पाते उतरवणारे ‘डिस्टल शू’ (विलेट, १९२९) वापरतात. अंतर्हृदयशोथाचा (हृदयाच्या आतल्या अस्तराच्या संसर्गाचा) धोका असलेल्या मुलांत ते वर्ज्य.

साधन बसवण्यापूर्वी क्ष-किरण चित्र घेतात. उपदाढेवर हाडाचे आवरण असल्यास दर मिमी.मागे ती वर यायला ४–५ महिने धरतात. आवरण नसेल आणि मूळ तीन-चतुर्थांश तयार झाले असेल, तर ती लवकरच येणार म्हणून साधन टाळता येते.