कोरोनर: मरणाची चौकशी आणि तिचा खर्च

इंग्लंडमध्ये ११९४ साली कोरोनरचे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे, पद निर्माण झाले, ते मुख्यतः राजाच्या तिजोरीसाठी. एखाद्या वस्तूमुळे माणूस दगावला, तर ती वस्तू किंवा तिची किंमत राजाकडे जमा व्हायची. या ‘डिओडंड’ प्रथेचा फटका पुढे रेल्वे कंपन्यांनाही बसला. १८४१ मध्ये सोनिंगजवळच्या रेल्वे अपघातानंतर ज्यूरीने इंजिन आणि डब्यांवर चक्क १,००० पौंड बसवले! १८४६ मध्ये ही प्रथा मोडीत निघाली.

व्हिक्टोरियन काळातला कोरोनर निवडून यायचा आणि बहुधा वकील असायचा. चौकशी बऱ्याचदा दारूच्या गुत्त्यात भरे, कारण गावात तेवढी मोठी खोली दुसरीकडे नसे. प्रेत प्रत्यक्ष पाहणे ज्यूरीला बंधनकारक होते. १८३६ च्या कायद्याने डॉक्टरला साक्षीसाठी एक आणि शवविच्छेदनासह दोन गिनी (जुनी इंग्रजी नाणी) मिळू लागल्या. त्याच वर्षी जेम्स मार्शची आर्सेनिक ओळखण्याची चाचणी जाहीर झाली. तोवर हे विष पटकीच्या नावावर सहज खपून जाई, कारण दोन्हींची लक्षणे सारखीच.

पण कोरोनरची कमाई चौकशीगणिक होती, आणि ‘ही चौकशी अनावश्यक’ म्हणून फी नाकारण्याचा अधिकार काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मॅजिस्ट्रेटांकडे होता. म्हणजे कोणते मरण संशयास्पद, हे काही अंशी हिशेबाची वहीच ठरवत होती. १८६० मध्ये काउंटीच्या कोरोनरांना पगार सुरू झाला, तेव्हा कुठे हा पेच सैल झाला.

या व्यवस्थेला धडक दिली ती ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक थॉमस वाकली यांनी. कोरोनर डॉक्टरच हवा, असा त्यांचा आग्रह. १८३९ मध्ये ते स्वतः वेस्ट मिडलसेक्सचे कोरोनर झाले. १८४६ मध्ये हाउन्स्लोच्या छावणीत दीडशे फटके खाल्लेला एक सैनिक काही आठवड्यांनी मेला. फटक्यांचा मृत्यूशी संबंध नाही, असे लष्करी डॉक्टरांचे म्हणणे. वाकलींनी इरॅस्मस विल्सन या बाहेरच्या तज्ज्ञाला पाचारण केले आणि ज्यूरीने फटक्यांनाच जबाबदार धरले. त्याच वर्षी फटक्यांची मर्यादा पन्नासवर आली; लष्करातली ही शिक्षा १८८१ मध्ये बंद झाली.

भारतात ब्रिटिश राजवटीत १८७१ च्या कायद्याने मुंबई आणि कोलकात्यातल्या कोरोनरांचे कामकाज बांधून दिले. मुंबईतले कोरोनर कोर्ट त्यानंतर १९९९ पर्यंत चालू होते.