‘डिपॉझिटमधून वळती करा’: ग्रंथालयाची अनामत आणि वर्गणी यांत फरक काय?

ठाण्यातील एका लहानशा सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षे काम केले, आणि त्या काळात रविवारी सकाळी देवघेवीच्या टेबलावर बसण्याची पाळीही अनेकदा माझ्यावर आली. त्या टेबलावर सर्वांत जास्त वेळा कानी पडलेले वाक्य म्हणजे, ‘वर्गणी राहिली असेल तर डिपॉझिटमधून वळती करा ना!’ हे सांगणारी माणसे भांडखोर किंवा चुकार मुळीच नसत. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असत, शाळेतल्या बाई असत, आणि ज्यांच्या स्वतःच्या व्यवसायाचे हिशेब चोख आहेत असे दुकानदारही असत. इतक्या व्यवहारी लोकांची एकाच ठिकाणी गफलत होते, याचा अर्थ ती गफलत दोन शब्द नीट उलगडून सांगितल्याशिवाय सुटणार नाही.

वर्गणी सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे तिच्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. ग्रंथालयाच्या सेवेबद्दल दरमहा, दर तिमाहीला किंवा वर्षाला आगाऊ भरायची ती रक्कम. एका वेळी एक पुस्तक हवे की दोन, सोबत मासिक हवे की नको, यांवर तिचा दर ठरतो. दिवाळी अंकांची वर्गणी बहुतेक ठिकाणी वेगळी घेतात, आणि नाव नोंदवताना एकदाच द्यायचे प्रवेश शुल्क हेही वेगळे असते. प्रवेश शुल्क परत मिळत नाही, वर्गणीही परत मिळत नाही. याबद्दल सहसा कोणी वाद घालत नाही.

वाद होतो तो अनामतीवरून, आणि त्याचे मूळ माझ्या मते ठाणे आणि नवी मुंबईतल्या भाड्याच्या घरांत आहे. या दोन्ही शहरांत निम्म्या ओळखीपाळखीच्या लोकांनी कधी ना कधी 11 महिन्यांचा करार केलेला असतो. घरमालकाकडे काही महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट ठेवायचे, आणि घर सोडायची वेळ आली की शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे न देता ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ असे सांगायचे, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की डिपॉझिट म्हणजे उशिरा वापरायचे आगाऊ भाडे अशीच समजूत होऊन बसते. तीच समजूत घेऊन माणूस वाचनालयात येतो. परंतु भाडेकरू सामान घेऊन वाशीहून पनवेलला गेला तरी घर वाशीतच राहते. वाचक पनवेलला गेला तर पुस्तक त्याच्या खोक्यातून पनवेलला जाते. घरमालकाला वस्तू परत मिळण्याची चिंता ग्रंथालयाच्या मानाने फारच कमी असते, म्हणून त्याच्याकडचे डिपॉझिट भाड्यापोटी वापरले गेले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. ग्रंथालयाची अनामत मात्र मुळात बाहेर गेलेल्या वस्तूसाठीच घेतलेली असते.

हा फरक हिशेबाच्या वह्यांत अगदी स्पष्ट दिसतो. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या वाचनालयाला दरवर्षी 31 मार्चअखेरचे लेखापरीक्षित हिशेब तयार करावे लागतात. त्यांत वर्गणी उत्पन्न-खर्च पत्रकात, उत्पन्नाच्या बाजूला येते. ती संस्थेची कमाई असून तिच्यातून पगार, वीजबिल, बांधणीचा खर्च आणि नवी पुस्तके भागवायची असतात. अनामत मात्र ताळेबंदात, देण्यांच्या बाजूला दाखवतात. म्हणजे संस्था स्वतःच्या हाताने लिहून देते की ही रक्कम आमच्याकडे असली तरी आमची नाही, ती वाचकांना परत द्यायची आहे. सहसा ती बँकेत मुदत ठेवीत ठेवलेली असते. ‘वर्गणी वळती करा’ असे कोणी म्हणतो तेव्हा तो प्रत्यक्षात संस्थेला सांगत असतो की, माझे जे पैसे तुम्ही सांभाळायला घेतले आहेत ते आता खर्चून टाका, पण मी मात्र पूर्वीसारखीच पुस्तके नेत राहणार.

आकड्यांत पाहू. समजा, अनामत 500 रुपये आहे आणि वर्गणी महिन्याला 50 रुपये. एका वाचकाने जूनपर्यंतची वर्गणी भरली, जूनमध्येच 450 रुपये किमतीची कादंबरी घरी नेली आणि मग कामाच्या धबडग्यात तो थेट पुढच्या एप्रिलमध्ये उगवला. जुलै ते एप्रिल असे 10 महिने झाले, थकबाकी 500 रुपये झाली. तो कादंबरी टेबलावर ठेवतो, अनामतीतून वळती करायला सांगतो आणि हिशेब मिटला अशा समाधानाने दुसरे पुस्तक निवडायला कपाटांकडे वळतो. कागदावर सारे जुळते. पण नोव्हेंबरअखेरीस काय स्थिती होती ते पाहा. तेव्हा थकबाकी 250 रुपये होती. ती त्याच्याच म्हणण्याप्रमाणे अनामतीतून जायची, तर तारण उरले 250 रुपयांचे आणि बाहेर होते 450 रुपयांचे पुस्तक. तेच 500 रुपये त्याने मनातल्या मनात एकदा वर्गणी म्हणून मोजले आणि एकदा पुस्तकाचे तारण म्हणून मोजले. आणि आता एप्रिलमध्ये तो जे दुसरे पुस्तक काखेत घेऊन निघाला आहे, त्याच्या मागे तारण म्हणून एक रुपयाही शिल्लक नाही. असे 40 वाचक झाले की लहान वाचनालयाचे एक कपाट बिनतारणी गावभर फिरू लागते.

मग अनामतीतून वर्गणी कधीच वळती करत नाहीत का? करतात, आणि घोटाळा इथेच आहे. वाचक सभासदत्व कायमचे बंद करतो, सर्व पुस्तके परत देतो, तेव्हा जी थकबाकी निघेल ती अनामतीतून वजा करून उरलेली रक्कम त्याच्या हातावर ठेवणे ही सर्वसाधारण पद्धत आहे. शेजारच्या काकूंनी बोरिवलीला राहायला जाताना असे करून घेतलेले असते आणि ते पाहून आपल्याला वाटते की ही सोय नेहमीसाठी आहे. पण काकूंच्या घरी त्या क्षणी ग्रंथालयाचे एकही पुस्तक नव्हते आणि पुढे जाणारही नव्हते. तारणाचे काम संपले होते, म्हणून तारण मोकळे झाले. वळती करणे हा सभासदत्वाचा शेवटचा व्यवहार आहे, मधला नव्हे. पुस्तके नेत राहायची असतील तर वर्गणी खिशातून द्यावी लागते आणि अनामत आहे तिथे राहते.

यालाच जोडून दुसरी गैरसमजूत येते, ती म्हणजे येणे बंद केले की सभासदत्व आपोआप संपते. तसे होत नाही. ग्रंथालयाच्या लेखी तुम्ही गप्प बसलेले सभासद असता आणि वर्गणी महिन्यामागून महिना चढत राहते. किती महिन्यांच्या थकबाकीनंतर नाव कमी करायचे, हे ज्या त्या संस्थेच्या नियमांत असते आणि ते नाव नोंदवतानाच विचारून घ्यावे. सभासदत्व थांबवायचे असेल तर पुस्तके, कार्ड आणि अनामतीची मूळ पावती घेऊन जावे, चालू महिन्यापर्यंतची वर्गणी चुकती करावी आणि अनामत परत मिळावी असा दोन ओळींचा अर्ज सही-तारखेसह द्यावा. महिनाअखेरीस हे केले तर पुढच्या महिन्याचा वाद उरत नाही. ‘मी फोनवर सांगितले होते’ या वाक्याला माझ्या लेखी काडीचीही किंमत नाही, कारण फोन घेणारा त्या दिवशी कोण होता हे सांगणाऱ्यालाही आठवत नसते.

पुस्तक हरवले तर अनामत गेली, फिटंफाट झाली, असेही अनेकांना वाटते. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई हा स्वतंत्र विषय आहे. सहसा त्याच पुस्तकाची नवी प्रत आणून द्यावी किंवा संस्थेने ठरवलेली किंमत भरावी, असा नियम असतो. जुन्या प्रतीवर छापलेली 12 रुपये ही किंमत दाखवून 12 रुपये पुढे करणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत; तेच पुस्तक आज बाजारात घ्यायला गेले तर काय पडेल हा प्रश्न त्यांना पडत नाही. आणि भरपाई अनामतीतून कापली गेली असेल, तर कापलेला भाग पुन्हा भरल्याशिवाय पुढचे पुस्तक मिळू नये, हे माझे ठाम मत आहे. उशिराचा दंड ही त्याहून निराळी बाब. तो रोखीने द्यावा आणि विषय संपवावा.

अनामत वाढते तेव्हाची तक्रारही मला पटत नाही. वर्गणी वाढली तर कुरकूर समजू शकते, कारण ते पैसे गेले ते गेले. वाढीव अनामत मात्र वाचकाचीच राहते. 30 वर्षांपूर्वी 50 रुपये अनामत ठेवणाऱ्या वाचकाच्या घरी आज 400 रुपयांचे पुस्तक जात असेल, तर फरक भरा असे म्हणणारा ग्रंथपाल त्याला लुबाडत नसतो. तो फक्त तारण आणि वस्तू यांची तोंडमिळवणी करत असतो. तरीही वर्गणीची वाढ निमूट देणारा माणूस अनामतीच्या फरकासाठी अध्यक्षांना भेटायला जातो!

एवढे बोलल्यावर संस्थांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, कारण या गोंधळाला त्यांचाही हातभार आहे. नव्या वाचकाकडून अनामत, प्रवेश शुल्क आणि तीन महिन्यांची वर्गणी घ्यायची आणि ‘एकूण रुपये 700 मिळाले’ अशी एकच पावती फाडायची, ही सवय वाईट आहे. पाच वर्षांनी त्या 700 मधले परत मिळणारे किती, हे वाचकाला कळत नाही आणि बदलून आलेल्या नव्या कर्मचाऱ्यालाही कळत नाही. अनामतीची पावती वेगळ्या पावती पुस्तकातून, शक्यतो वेगळ्या रंगाच्या कागदावर असावी आणि तीवर ‘परत मिळण्यास पात्र’ हे शब्द छापलेले असावेत. काही ठिकाणी ‘डिपॉझिट फी’ असे लिहिलेले आढळते, ते तर मला डोळ्यांत खुपते; फी असेल तर परत मिळणार नाही आणि डिपॉझिट असेल तर ती फी नव्हे. यूपीआयने पैसे भरण्याची सोय झाल्यापासून नवीच पंचाईत झाली आहे, कारण घरबसल्या 300 रुपये पाठवणारा वाचक ते कशासाठी पाठवले हे लिहीतच नाही. सभासद क्रमांक, ‘वर्गणी’ हा शब्द आणि कोणत्या महिन्यापर्यंतची, एवढे शेऱ्यात लिहायला अर्धे मिनिटही लागत नाही.

‘सार्वजनिक ग्रंथालय आहे, तर वर्गणी कशाला?’ हा प्रश्नही त्याच टेबलावर येतो. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांत ग्रंथालयांसाठी स्वतंत्र उपकर घेतला जातो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा आहे आणि त्यात असा उपकर नाही. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये लोकांनी काढलेल्या संस्था आहेत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारले, ते याच परंपरेतले. अशा संस्थांना शासन अ, ब, क, ड या वर्गांप्रमाणे अनुदान देते, पण सारा खर्च त्यात भागत नाही आणि उरलेला भार वर्गणीवर येतो. ‘सार्वजनिक’ याचा अर्थ कोणालाही सभासद होता येते असा आहे, फुकट असा नाही. वृत्तपत्रे बसून वाचायला बहुतेक ठिकाणी काही पडत नाही. पुस्तक घरी न्यायचे असेल तेव्हाच या दोन रकमांचा संबंध येतो.

अनामत एका नावावरून दुसऱ्या नावावर चढवता येते का, हेही वारंवार विचारतात. वडिलांच्या कार्डावर मुलाने पुस्तके नेणे निराळे आणि अनामतीची मालकी बदलणे निराळे. आमच्याकडे एकदा एक मध्यमवयीन गृहस्थ वडिलांच्या कागदपत्रांत सापडलेली 1987 सालची 30 रुपयांची अनामत पावती घेऊन आले आणि तीच आपल्या नावावर करून सभासद करून घ्या म्हणाले. वर्गणी वडिलांनी शेवटच्या महिन्यापर्यंत भरलेली होती आणि पुस्तक कोणतेच बाकी नव्हते. जुने खाते वारसाच्या अर्जावर बंद करावे लागेल आणि नवे खाते आजच्या दराने उघडावे लागेल, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी अर्ज लिहिला, व्हाउचरवर सही करून 30 रुपये घेतले, त्यांत भर घालून नवी अनामत ठेवली आणि वर्गणीची पावती वेगळी मागून घेतली.