तळ्याच्या पोटात दोन तळी

रानातल्या खोल तळ्यात उन्हाळ्यात पोहणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. आडवं होऊन हात मारत असताना पाणी मस्त कोमट लागतं. दम घ्यायला थांबून पाय खाली सोडले, की पोटऱ्यांना गारेगार चटका! ‘खाली झरा असणार,’ असं कुणीतरी हमखास सांगतं. बहुतेक वेळा झराबिरा काही नसतो. तुमचे पाय खालच्या तळ्यात गेलेले असतात, एवढंच.

ऊन पाण्यात फार खोल पोचत नाही. त्यातली निम्म्याहून जास्त ऊर्जा वरच्या एका मीटरभर पाण्यातच मुरते. तापलेलं पाणी हलकं, म्हणून ते वरच राहतं. इथवर शाळेतलंच. पण कोमट आणि गार पाणी एकमेकांत मिसळून का जात नाही?

पाणी सर्वांत जड असतं ते साधारण ४ अंश सेल्सिअसला. तिथून तापवत गेलं की हलकं होतं, मात्र सारख्या दराने नाही. ४ चं ५ अंश केलं, तर एक घनमीटर पाणी अवघं ८ ग्रॅमने हलकं होतं. २४ चं २५ केलं, तर सुमारे २५० ग्रॅमने! अंश एकच, फरक तीसपट. त्यामुळे वरचं पाणी २२ अंश आणि खालचं १० अंश असेल, तर घनमीटरमागे जवळजवळ दोन किलोंचा फरक पडतो. हजार किलोंत दोन किलो म्हणजे किरकोळच वाटतात. पण मिसळायचं तर खालचं जड पाणी वर उचलायला हवं, आणि ते काम करणार कोण? वारा. तो वरचे काही मीटर घुसळतो आणि तिथेच त्याचा जोर संपतो. मधल्या पट्ट्यात तापमान मीटरमागे एक अंश किंवा त्याहूनही जास्त घसरतं. हा पट्टा म्हणजे थर्मोक्लाइन.

इथे रानाचाही हात असतो. काठावरची झाडं वारा अडवतात. कुजलेल्या पाल्याने पाणी चहासारखं तांबूस झालं असेल, तर ऊन आणखी वरच अडतं. म्हणून झाडांनी वेढलेल्या लहान तळ्यात कोमट थर बराच पातळ असतो.

वारा एकाच दिशेने वाहत राहिला, की तो कोमट पाणी समोरच्या काठाकडे लोटतो आणि अलीकडच्या काठाला खालचं गार पाणी वर येतं. कालचाच काठ आज हुडहुडी भरवतो तो यामुळे. वारा पडला की हे थर आतल्या आत हेलकावे खातात, आणि वर मात्र पाणी जवळपास स्तब्ध दिसतं. स्कॉटलंडच्या लॉख नेस या तळ्यातल्या तापमानाच्या नोंदींवरून वॉटसन या अभ्यासकाने १९०४ साली हे हेलकावे ओळखले. त्या तळ्याची ख्याती मात्र त्यात राहतो म्हणतात त्या राक्षसामुळेच झाली; पाण्याखालच्या लाटेपेक्षा लांब मानेचा प्राणी जास्त खपतो.

‘या तळ्यात काहीतरी आहे, ते माणसाला खाली ओढतं,’ ही समजूतही अशीच. ओढत कुणी नाही. कोमट पाणी बघून माणूस उंचावरून सूर मारतो आणि क्षणात गार थरात शिरतो. १५ अंशांखालच्या पाण्यात अंग एकदम बुडालं की जोराचा श्वास आपसूक आत घेतला जातो. तो मनाने रोखता येत नाही. त्या वेळी तोंड पाण्याखाली असलं, तर भुताची गरजच काय? अशा वेळी हातपाय झाडू नयेत, उताणं तरंगत राहावं. दोन-तीन मिनिटांत श्वास ताब्यात येतो. मुळात अनोळखी तळ्यात सूर न मारता काठाने हळूहळू उतरावं.

खात्री करायची असेल, तर नावेतून मध्यावर जा. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी सुतळी लावा आणि दर मीटरला गाठ मारलेल्या दोरीने बाटली खाली सोडा. हव्या त्या गाठीला बुचाला हिसका द्या. बुडबुडे थांबले की बाटली झटकन वर ओढा आणि तापमापी बुडवा. पहिल्या दोन-तीन गाठींना आकडा जेमतेम हलतो, मग एकदम कोसळतो. हवा दमट असेल, तर तळाकडून आलेल्या बाटलीला तापमापीचीही गरज पडत नाही. हातात घेईपर्यंत तिला बाहेरून घाम फुटलेला असतो.