चिलखताखालची हाडं

गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगिजांना भेट दिलेला गेंडा मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने तो कधीच पाहिला नाही. हाती आलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन एवढ्यावरून त्याने लाकडी ठशासाठी चित्र काढलं. त्यात कातडीच्या घड्यांचे पत्रे झाले, कडांना खिळे ठोकल्यासारखे ठिपके आले आणि खांद्यावर एक जादा शिंगही उगवलं. पुढे अठराव्या शतकापर्यंत युरोपातल्या पुस्तकांत हाच गेंडा छापला जात होता. कल्पित चिलखती प्राणी आजही बऱ्याचदा त्याच वळणाचे निघतात: आत नेहमीचा चौपाया, वरून अंगरखा चढवावा तसं कवच.

खऱ्या प्राण्यांचं कवच असं वरून चढवलेलं नसतं. आत सांगाडा आणि बाहेर हाडाचं आवरण ही जोडी तशी फार जुनी आहे. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या डंकलिऑस्टिअस माशाचं डोकं आणि धडाचा पुढचा भाग जाड अस्थिफलकांनी झाकलेला होता. आपल्या कवटीचं छतही त्वचेतल्या हाडांच्या त्याच घराण्यातलं.

आर्माडिलो या अमेरिकेतल्या सस्तन प्राण्याचं कवच कातडीतच तयार होतं. मधल्या पट्ट्यांमध्ये मऊ त्वचा सोडलेली असते, म्हणून तो वाकू शकतो. युओप्लोसेफॅलस या डायनोसॉरच्या तर पापणीतसुद्धा हाड होतं!

कासवाची गोष्टच वेगळी, आणि कल्पित प्राणी रचताना मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यानेच. त्याचं कवच आतून पाहिलं की कणा आणि बरगड्या छतालाच जडलेल्या दिसतात. इतर पृष्ठवंशीयांत खांद्याचं पातं बरगड्यांच्या बाहेर असतं, कासवाचं आत. हे एका झटक्यात घडलेलं नाही. चीनमध्ये सापडलेल्या आणि २००८ मध्ये नाव मिळालेल्या ओडोंटोकेलिस या आदिम कासवाच्या पोटाखाली पूर्ण कवच होतं, पाठीवर मात्र नुसत्या रुंदावलेल्या बरगड्या. हा प्राणी सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचा.

म्हणून प्राणी रचताना कवच किती जाड, यापेक्षा ते कशाला जोडलंय हे मी आधी ठरवतो. खेकड्याचे स्नायू कवचालाच आतून चिकटलेले असतात, आणि वाढायचं तर त्याला कात टाकावी लागते. आत हाडं असलेल्या प्राण्यावर ती सक्ती नाही. त्याचे अस्थिफलक शरीराबरोबर वाढतात. पण कवच बरगड्यांतच मुरलं असेल, तर धावून दमलेल्या प्राण्याची छाती धपापताना दाखवता येणार नाही. त्याचा श्वास कासवासारखा पोटाच्या स्नायूंवर चालवावा लागेल.