इंट्रानेट नॅव्हिगेशन
इंट्रानेट नॅव्हिगेशन : कंपनीच्या वा संस्थेच्या अंतर्गत संकेतस्थळावर कर्मचाऱ्याला हवे ते पान, अर्ज, नियमावली किंवा सहकारी सापडावा म्हणून केलेली मेनू, दुवे, शीर्षके आणि पानांची उतरंड यांची योजना. सर्वत्र दिसणारा मुख्य मेनू, त्या त्या विभागाचा स्थानिक मेनू आणि आपण कोठे आहोत हे सांगणारी पानाच्या माथ्यावरील ओळ (उदा., मुखपृष्ठ > मनुष्यबळ > रजा) हे तिचे नेहमीचे भाग होत. शोधपेटी तिला पूरक आहे, पर्याय नव्हे. नव्याने रुजू झालेल्या माणसाला हव्या त्या गोष्टीचे कंपनीतले नावच ठाऊक नसते, मग तो शोधपेटीत काय लिहिणार?

या तंत्राचा आरंभ वेबपासून मानण्याचा प्रघात आहे आणि त्याला आधारही चांगला आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये मांडलेला मूळ प्रस्ताव जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेच्या अंतर्गत माहितीविषयी होता. तेथे माणसे साधारण दोन वर्षे राहतात आणि जाताना माहितीही हरवते, ही त्यांची तक्रार होती. काटेकोर वृक्षरचनेत प्रत्यक्ष जगातले संबंध मावत नाहीत, असा आक्षेपही त्यांनी त्याच टिपणात घेतला. सर्नमध्ये वेब रुजली ती प्रथम दूरध्वनी-यादीसारख्या घरगुती उपयोगामुळे. तथापि मेनूंच्या साहाय्याने संस्थेची माहिती धुंडाळण्याचे प्रयोग याहून जुने आहेत. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७० च्या दशकात सुरू झालेली झॉग ही मेनूप्रधान प्रणाली १९८० च्या दशकात कार्ल व्हिन्सन या अमेरिकी विमानवाहू जहाजावर बसवण्यात आली आणि जहाजाची संघटना व नियमपुस्तिका तिच्यातून पाहता येत. त्यामुळे वेबने साधन दिले, प्रश्न मात्र आधीचाच होता, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. खास कंपनीच्या अंतर्गत वेबसाठी केलेल्या रचनेचे सुरुवातीचे लिखित उदाहरण सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीच्या सनवेब या अंतर्गत संकेतस्थळाचे आहे. जेकब नील्सन व डॅरेल सानो यांनी १९९४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. कर्मचाऱ्यांना विषयांची कार्डे देऊन त्यांचे गट पाडायला सांगणे ही पद्धत त्यांनी वापरली. ती आजही पहिली पायरी मानली जाते.

मेनू किती रुंद (एका पातळीवर किती पर्याय) आणि किती खोल (एकाखाली एक किती पातळ्या) असावा हा या क्षेत्रातला सर्वाधिक अभ्यासलेला वाद. ड्वाइट मिलर यांनी १९८१ मध्ये ६४ नोंदी चार प्रकारे मांडून पाहिल्या : दोन पर्यायांच्या सहा पातळ्या, चार पर्यायांच्या तीन, आठ पर्यायांच्या दोन आणि सर्व ६४ एकाच पातळीवर. यांत आठ पर्यायांच्या दोन पातळ्या सरस ठरल्या. पुढे केव्हिन लार्सन व मेरी चेर्विन्स्की यांनी १९९८ मध्ये वेबवरील ५१२ नोंदींवर प्रयोग केला. आठ-आठच्या तीन पातळ्यांची रचना सर्वांत मंद निघाली. आधी १६ व मग ३२ पर्याय, किंवा आधी ३२ व मग १६, अशा दोन पातळ्यांच्या रचना वेगवान ठरल्या. तरीही मेनूत सातपेक्षा जास्त नोंदी नकोत, असा आग्रह बैठकांमध्ये हटकून ऐकू येतो. त्याचे मूळ मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ मधील निबंधात आहे. पण तो निबंध तात्कालिक स्मृतीविषयी आहे. मेनू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करावा लागत नाही, म्हणून हा आधार येथे लागू पडत नाही. पीटर पिरोली व स्टुअर्ट कार्ड यांच्या ‘माहितीचा गंध’ या कल्पनेने वादाला वेगळे वळण दिले. दुव्याच्या शब्दांवरून पुढे काय मिळेल याचा अदमास येत असेल, तर माणूस एखादी जास्तीची पातळीही न कुरकुरता उतरतो. एकंदर पुरावा रुंद व उथळ रचनेच्या बाजूने झुकतो; मात्र शीर्षके मोघम असतील तर रुंदीचाही उपयोग होत नाही.

वर्गीकरण विभागवार करावे की कामवार, हा दुसरा प्रश्न. विभागवार मेनू बांधायला सोपा, कारण प्रत्येक खात्याला आपला कोपरा मिळतो. वापरणाऱ्याची गैरसोय प्रवासभत्त्याच्या उदाहरणावरून ध्यानात येते : दर किती हे मनुष्यबळ विभागाच्या परिपत्रकात, बिल भरायचा अर्ज लेखा विभागाच्या पानावर, तिकिटाची विनंती प्रशासनाकडे आणि मंजुरीची प्रणाली संगणक विभागाच्या यादीत. दौऱ्यावरून आलेल्या माणसाला चार खात्यांची हद्द ठाऊक असावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ‘प्रवास’ या एका पानावर हे चारही दुवे आणणे हा कामवार रचनेचा मार्ग होय. खात्यांची पाने राहतात, पण मुख्य मेनूचा कणा ती होत नाहीत. एकच वस्तू अनेक अंगांनी सापडावी हा विचार ग्रंथालयशास्त्रात शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात पद्धतशीर मांडला. विषय, कार्यालय, वर्ष अशा गाळण्या लावून कागदपत्रे शोधण्याची आजची सोय त्याच विचाराला जवळची आहे.

२००१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट या अंतर्गत संकेतस्थळे बांधण्याच्या प्रणालीवर अनेक कंपन्यांचे इंट्रानेट उभे आहे. जुन्या धाटणीत स्थळाच्या पोटात उपस्थळे असत. खात्यांची फेररचना झाली की पाने हलवावी लागत आणि पत्ते बदलून दुवे तुटत. २०१८ च्या सुमारास उपलब्ध झालेल्या ‘हब’ पद्धतीत स्थळे सपाट राहतात आणि सामायिक मेनूने जोडली जातात. जोडणी बदलली तरी पत्ता तोच राहतो. हबला जोडल्याने पाहण्याचे अधिकार बदलत नाहीत. विशिष्ट गटालाच दुवा दाखवण्याची सोयही आहे. पण दुवा लपवला म्हणजे पान सुरक्षित झाले असे नाही, ते अधिकार पानावरच लावावे लागतात.

रचना तपासताना सजावट बाजूला ठेवून केवळ शीर्षकांची उतरंड दाखवतात आणि ‘पितृत्व रजेचे नियम शोधा’ अशी कामे देतात. पहिली निवड कोणती झाली आणि माणूस कोठून मागे फिरला हे टिपले जाते. थोड्या लोकांवरही यातून ढोबळ चुका उघड होतात.

मराठी मेनूत वर्णक्रमाची अडचण येते. अंकलिपीत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या केवळ सांकेतिक क्रमाने लावलेल्या यादीत मात्र ‘क्षेत्रीय कार्यालय’ क मध्ये आणि ‘ज्ञानसंग्रह’ ज मध्ये जातो. लांबलचक विभागसूचीत हे पर्याय शेवटी पाहणाऱ्याला सापडत नाहीत. म्हणून अशा याद्यांना मराठीचा क्रम मुद्दाम लावून द्यावा लागतो.